टँक साफ कोण करणार? ब्लिचिंग पावडर, ॲसिड आणि पूलवाला

हेडफोन घरी राहिले, बसमध्ये गर्दी आहे, ऑफिसात मीटिंगमध्ये चोरून वाचायचंय, अशा सगळ्यांसाठी हा एपिसोड लेखी. माझं अडखळणं आणि "अं..." काढून टाकलंय, बाकी जसं बोलले तसंच आहे.

आधी एक काम करा. फोनवर ‘मॉन्सन मोटर लॉज १९६४’ असं शोधा. एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो येईल. पोहण्याचा तलाव. पाण्यात काळी आणि गोरी तरुण माणसं, घाबरलेली. काठावर एक माणूस कॅनमधून काहीतरी पाण्यात ओततोय.

जागा अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातलं सेंट ऑगस्टिन गाव. तारीख १८ जून १९६४. ओतणारा माणूस म्हणजे या मोटेलचा मॅनेजर जेम्स ब्रॉक. आणि कॅनमध्ये म्युरिॲटिक ॲसिड, म्हणजे साधं हायड्रोक्लोरिक ॲसिड. फरशीवरचे डाग काढायला आपण दुकानातून ‘ॲसिडची बाटली’ आणतो ना, त्याच जातीचं. जगातल्या जवळजवळ प्रत्येक पूलच्या पंपरूममध्ये ते असतं, कारण पाण्याचा पीएच वर गेला की ते टाकून खाली आणायचा असतो. ब्रॉकचं म्हणणं असं, की मी पूल साफ करतोय.

त्या फोटोकडे आपण परत येऊ. आजचा विषय ऐकायला एकदम साधा आहे: पोहण्याच्या टँकची देखभाल आपली आपण करावी की माणूस ठेवावा? यूट्यूबवर याचे हजार व्हिडिओ आहेत, ‘पैसे वाचवा, स्वतः करा’ विरुद्ध ‘नको ती भानगड, एजन्सी लावा’. आमच्या क्षेत्रात हाच वाद रोज चालतो. सर्व्हर स्वतः सांभाळायचा की क्लाउडवाल्याला पैसे द्यायचे? त्यामुळे मला वाटलं, पूलवाल्यांचा हा वाद नेमका कधी सुरू झाला ते बघू. बघायला गेले आणि भलतंच काहीतरी हाती लागलं.

(आणि हो, ‘पूल’ म्हटलं की मराठी माणसाला आधी नदीवरचा आठवतो. म्हणून मी मध्येच ‘टँक’ म्हणेन, मध्येच ‘तलाव’. समजून घ्या.)

सुरुवातीला देखभाल नावाचा प्रकारच नव्हता. इंग्लंडमध्ये १८४६ मध्ये कायदा झाला आणि गावोगावी सार्वजनिक स्नानगृहं बांधायला सुरुवात झाली. तिथली पद्धत सरळ होती: टाकी भरायची, लोकांनी पोहायचं, पाणी गढूळ झालं की सोडून द्यायचं, परत भरायची. बऱ्याच ठिकाणी ताज्या पाण्याच्या दिवशी तिकीट जास्त असे आणि पाणी जुनं होत गेलं की दर उतरत जाई. म्हणजे गरिबाच्या वाट्याला आठवड्याच्या शेवटचं पाणी. सर्ज प्रायसिंग आपल्याला ॲपवाल्यांनी शिकवलं असं वाटतं, पण ते असो.

आपल्याकडे विहिरीत पोहणारे लोक होतेच. पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून मुलांना ढकलून द्यायचे. तिथली देखभाल म्हणजे उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की गाळ काढणं, आणि विहिरीत कासव सोडून ठेवणं. हे काम ना मालकाचं एकट्याचं, ना कुठल्या कंपनीचं. अर्थात ‘सगळ्या गावाचं’ असं म्हणताना गावात कोणकोण धरलं जायचं, हा प्रश्न उरतोच. त्याच्याकडेही येऊ.

सगळं बदललं ते क्लोरीनमुळे. आणि क्लोरीनची सुरुवात एका कोर्टकचेरीतून झाली. अमेरिकेत जर्सी सिटीला पाणी पुरवणाऱ्या खासगी कंपनीवर शहराने दावा लावला, की तुमचं पाणी करारात ठरल्याइतकं शुद्ध नाही. कोर्टाने कंपनीला म्हटलं, सुधारा. सगळ्यांची अपेक्षा होती की कंपनी धरणाच्या वरच्या गावांसाठी सांडपाण्याच्या लाइनी टाकेल. कंपनीचे सल्लागार डॉक्टर जॉन लील यांनी वेगळंच केलं. जॉर्ज फुलर या इंजिनिअरकडून डोसिंगची यंत्रणा बांधून घेतली आणि २६ सप्टेंबर १९०८ पासून बूंटनच्या जलाशयातून शहराकडे जाणाऱ्या पाण्यात ब्लिचिंग पावडरचं द्रावण सोडायला सुरुवात केली. आधी कुणाला विचारलं नाही. आमच्या भाषेत, थेट प्रॉडक्शनवर डिप्लॉय! कोर्टात यावरून भरपूर उलटतपासणी झाली, पण निकाल शेवटी लीलच्या बाजूने लागला आणि पुढच्या काही वर्षांत शहरामागून शहरं क्लोरीन वापरू लागली.

दोनेक वर्षांतच, १९१०-११ च्या सुमारास, ब्राउन विद्यापीठात बंकर नावाच्या विद्यार्थ्याने हीच युक्ती विद्यापीठाच्या पोहण्याच्या टँकवर करून पाहिली. टँक सुमारे ७०,००० गॅलनचा, म्हणजे अडीच लाख लिटरच्या वर. तेवढं पाणी सारखं ओतून देण्यापेक्षा थोडी पावडर कितीतरी स्वस्त. इथून पाणी ‘बदलायची’ नव्हे तर ‘राखायची’ गोष्ट झाली, आणि राखायची म्हटली की राखणारा आला.

पण ते काम घरगुती नव्हतं. त्या काळची ब्लिचिंग पावडर म्हणजे हवेतल्या ओलीने मरणारी, गाळ करणारी, डोस कमीजास्त होणारी. तिच्यात कामाचा क्लोरीन जेमतेम एकतृतीयांश. मोठ्या ठिकाणी थेट क्लोरीन वायूचे सिलिंडर लावायचे, आणि हा तोच वायू जो पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून सोडला होता. त्यामुळे टँकपाशी पगारी माणूस हवाच. १९२८ मध्ये मॅथिसन नावाच्या कंपनीने कॅल्शियम हायपोक्लोराइटचे दाणे बाजारात आणले, त्यात क्लोरीन जवळजवळ दुप्पट आणि डबा महिनोन् महिने टिकणारा. घरच्या माणसाने चमच्याने मोजून टाकावं असं पहिलं रसायन हे. तरी लगेच घरोघरी पूल झाले नाहीत. झाले ते पंचवीस-तीस वर्षांनी, आणि त्याचं कारण रसायनशास्त्रात नाही.

हा भाग मला जेफ विल्ट्झ या इतिहासकाराच्या ‘कॉन्टेस्टेड वॉटर्स’ या पुस्तकात सापडला. २००७ चं पुस्तक, मिळालं तर वाचाच. १९२० ते १९४० च्या दशकांत अमेरिकेतल्या नगरपालिकांनी प्रचंड तलाव बांधले. नुसत्या टाक्या नाहीत, वाळू टाकून किनारा केलेले, हजारो लोक मावतील असे. देखभाल पालिकेची, तिकीट किरकोळ किंवा फुकट. याच काळात स्त्री-पुरुष पहिल्यांदा एकत्र पोहू लागले, आणि विल्ट्झचं म्हणणं असं, की नेमकं तेव्हाच काळ्या लोकांना बाहेर काढण्याचा आग्रह वाढला. सेंट लुईस शहरात २१ जून १९४९ ला फेअरग्राउंड पार्कचा तलाव काळ्या मुलांना खुला केला. पहिल्याच दिवशी गोऱ्या जमावाने बाहेर त्यांना झोडपून काढलं. पुढच्या वर्षी कोर्टाच्या आदेशाने तलाव सगळ्यांना उघडला, तर गोऱ्यांनी येणंच सोडलं. काही वर्षांत तो बंद पडला.

मग हे लोक पोहायला गेले कुठे? आपापल्या मागच्या अंगणात! विल्ट्झ देतो तो आकडा बघा: १९५० मध्ये अमेरिकेत जमिनीत बांधलेले घरगुती पूल होते फक्त २,५०० च्या आसपास. शतक संपेपर्यंत ४० लाख. याला बाकी कारणंही होतीच. युद्धानंतरचा पैसा, उपनगरं, काँक्रीट फवारून कुठल्याही आकाराची टाकी झटपट करायचं तंत्र. पण सार्वजनिक तलाव सगळ्यांसाठी उघडणं आणि खासगी पूलचं पीक येणं या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, हे लक्षात ठेवा.

आपला प्रश्न इथे जन्मला. ‘स्वतः करू की माणूस ठेवू’ असं विचारायला आधी तलाव आपल्या एकट्याचा असावा लागतो. त्याआधी देखभालीचा माणूस होताच, सगळ्यांनी मिळून पालिकेच्या करातून ठेवलेला. त्याला सोडून लोक घरी आले आणि मग घरी त्यांना कळलं, की शेवाळ धरतंय!

आता परत फोटोकडे. १९६४ मध्ये सेंट ऑगस्टिनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेचं आंदोलन चालू होतं. ११ जूनला खुद्द किंग यांना याच मॉन्सन मोटेलच्या दारात अटक झाली. आठवड्याने दोन गोऱ्या कार्यकर्त्यांनी तिथे रीतसर खोली घेतली आणि काळ्या मित्रांना ‘आमचे पाहुणे’ म्हणून टँकमध्ये बोलावलं. पाहुण्यांना पूल वापरता येतो, नियमच तसा. ब्रॉकने आतून ॲसिड आणलं.

बीटेकच्या पहिल्या वर्षाला केमिस्ट्री होती, तेव्हा पाठ केलेली बफर सोल्यूशन्स एकदाची उपयोगी पडली. लाखभर लिटरच्या टाकीत कॅनभर ॲसिड पूर्ण मिसळलं की पीएच थोडा खाली येतो, पाण्यातली अल्कलिनिटी बाकीचं गिळून टाकते. कातडी भाजत नाही. धोका असतो तो न मिसळलेल्या धारेपाशी, डोळ्यात उडालेल्या थेंबात. हे पूल राखणाऱ्या माणसाला ठाऊक असणारच. पाण्यातल्या मुलांना ते कुणी सांगितलेलं नव्हतं. शेवटी एका पोलिसाने पाण्यात उडी मारून त्यांना बाहेर काढलं, अटक करायला! दुसऱ्याच दिवशी, १९ जूनला, अमेरिकेच्या सेनेटने नागरी हक्क विधेयक मंजूर केलं. २ जुलैला त्याचा कायदा झाला.

यावर मिसिसिपीच्या जॅक्सन शहराने आणखी वेगळी वाट काढली. सगळ्यांना पोहू देण्यापेक्षा पालिकेने आपले तलाव चालवणंच बंद केलं. सुप्रीम कोर्टापर्यंत खटला गेला आणि १९७१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी कोर्ट म्हणालं, चालेल. तलाव चालवलाच पाहिजे असं बंधन शहरावर नाही.

हे ऐकून ‘बापरे, अमेरिका!’ असं म्हणत असाल तर महाडला चला. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. पालिकेने तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव आधीच झालेला होता. नंतर सवर्णांनी तळं ‘शुद्ध’ केलं. कसं? शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेली १०८ मडकी पाण्यात ओतून. तिकडे अमेरिकेत क्लोरीनचे दाणे डब्यात भरायची तयारी चालू होती आणि इकडे पिण्याच्या पाण्यात शेण कालवून ते स्वच्छ झालं म्हणत होते. तळ्यावरचा हक्क हायकोर्टात मिळायला १९३७ उजाडलं. ब्रॉकचं ‘साफ करतोय’ आणि महाडचं ‘शुद्ध करतोय’ मी शेजारी शेजारी ठेवून बघते तेव्हा मला दोन्हीकडे पाण्याचा काही संबंध दिसत नाही.

असो. तर अंगणातले पूल. त्यांचा इतिहास म्हणजे एकेक कटकट डब्यात बंद करण्याचा इतिहास आहे. उन्हात क्लोरीन उडून जातो, भर दुपारी तासाभरात निम्म्याहून जास्त. १९५० च्या दशकाच्या शेवटी त्यावर सायन्युरिक ॲसिडची टोपी चढवलेल्या गोळ्या आल्या. आपल्याकडे पूलवाले ज्याला टीसीसीए म्हणतात, त्याच. गोळी तरंगत्या डब्यात ठेवा, आठवडाभर विरघळत राहील. काय सुख! फक्त प्रत्येक गोळी विरघळली की क्लोरीन खर्च होतो आणि सायन्युरिक ॲसिड मागे राहतं. ते उडत नाही, संपत नाही. साठत साठत इतकं होतं की क्लोरीन मोजला तर भरपूर दिसतो पण काम करत नाही. उपाय एकच, पाणी अंशतः ओतून नवीन भरणं. टेक्निकल डेटचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

ब्रश मारण्याची कटकट दक्षिण आफ्रिकेत सुटली. फर्डिनांड शोव्हिए या हायड्रॉलिक्स इंजिनिअरने १९७४ मध्ये ‘क्रीपी क्रॉली’ बनवला, पंपाच्या ओढीवर तळाशी सरपटत फिरणारा सफाईयंत्र-किडा. आजच्या रोबोट क्लीनरचा आजोबा म्हणा. १९७४ सालचं दक्षिण आफ्रिका म्हणजे ऐन वर्णभेदाचा काळ. समुद्रकिनारे आणि सार्वजनिक तलाव कायद्याने रंगावर वाटलेले, आणि गोऱ्यांच्या घरचं अंगणकाम काळ्या नोकरांकडे.

आणि जे डब्यात मावलं नाही ते पूलवाल्याकडे गेलं. कॅलिफोर्नियात त्याची टेम्पोवजा गाडी आठवड्याला ठरलेल्या घरी येते. या घरांच्या यादीला ‘रूट’ म्हणतात आणि तो रूट महिन्याच्या बिलाच्या काही पट किमतीला विकत मिळतो. कर्जबुडीच्या काळात हे गणित उलटं फिरलेलंही दिसलं. २००७ मध्ये बेकर्सफील्डच्या भागात लोक घरं सोडून गेले, मागचे पूल हिरवेगार झाले, त्यात डास झाले आणि वेस्ट नाइल तापाचे रुग्ण वाढले. विमानातून पूल शोधून त्यात डासांची अंडी-अळ्या खाणारे मासे सोडावे लागले, आपल्या पालिका हौदात गप्पी सोडतात तसे. अंगणातला खासगी पूल पाहता पाहता परत सगळ्या गावाचा झाला.

आता मुद्द्याचं, कारण हा विषय माझ्या डोक्यात आला तो आमच्या सोसायटीमुळे. पुण्यातल्या आयटी पट्ट्यातली एक, नाव कशाला घ्या. सर्वसाधारण सभेत विषय होता पूलच्या एजन्सीचं कंत्राट वाढवण्याचा. रिटायर्ड काकांचा एक गट म्हणाला, आपणच करू, त्यात काय आहे, बादलीभर पावडर! मी सभेच्या आधीच्या रविवारी सकाळी खाली जाऊन बघितलं. एजन्सीचे दादा जाळीने पानं काढत होते. टेस्ट किटमधली एकच बाटली वापरत होते.

"दादा, पीएच किती आला?"

"ताई, पिवळं आलं की ठीक, एवढंच सांगितलंय. लाल रंगाची बाटली संपल्यापासून नवीन दिली नाही."

पिवळं म्हणजे क्लोरीन आहे. लाल बाटली पीएचची. आणि पीएच न बघता क्लोरीन बघणं निरर्थक आहे, कारण पीएच ७.५ ला क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जंतू मारण्याच्या रूपात असतो, ८ ला पाव भागाच्या आसपास. नाकात जाणारा तो ‘स्विमिंग पूलचा वास’ हाही स्वच्छतेचा नाही, घाम-लघवीशी क्लोरीनची गाठ पडली की होणाऱ्या क्लोरामाइनचा. वास जास्त म्हणजे पाणी बिघडलेलं. लहान मुलाला पाण्यात जुलाब झाले तर आणखी वेगळं. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जीव नेहमीच्या क्लोरीनमध्ये दहा दिवसांच्या वर जगू शकतो. तेव्हा ‘पिवळं आलं’ म्हणून पोहू देणारा माणूस दोषी नाही, ज्याने त्याला एकच बाटली दिली तो आहे.

पण काकांच्या बाजूनेही मी नव्हते. त्याच पंपरूममध्ये दाण्यांचा डबा, गोळ्यांचा डबा आणि ॲसिडचे कॅन एकमेकांना चिकटून होते. एकाच चमच्याने दाणे आणि टीसीसीए एकत्र झाले तर स्फोट होऊ शकतो. क्लोरीनवर ॲसिड सांडलं तर थेट विषारी वायू. हौस म्हणून रविवारी करण्याचं हे काम नाही, घरच्या छोट्या टँकवर कदाचित असेल, दीडशे फ्लॅटच्या नाही. माझं मत मी सभेत मांडलं ते असं: हात एजन्सीचे असू देत, मोजमाप आपलं हवं. रोज दोनदा क्लोरीन आणि पीएच, महिन्यातून एकदा सायन्युरिक ॲसिड, आकडे पूलच्या दारावर लावलेल्या वहीत, सही सोसायटीच्या माणसाची. आकडा चुकला तर त्या दिवशी कुलूप.

हे मंजूर झालं. एजन्सीने हातमोजे, गॉगल आणि दोन्ही बाटल्या द्यायच्या, हेही झालं. काकांनीच वहीची जबाबदारी घेतली, आणि खरं सांगते, आता ते कुठल्याही एजन्सीपेक्षा कडक आहेत.

मग मी तिसरी गोष्ट काढली. आमच्या पूलच्या फलकावर एक ओळ आहे: कर्मचारी व घरकाम करणाऱ्यांना पोहण्यास मनाई. म्हटलं, जो माणूस रोज पहाटे हे पाणी राखतो त्याला निदान सोमवारी, पूल बंद असतो तेव्हा, पोहू द्यायला काय हरकत आहे? खुर्च्या सरकल्या. कुणीतरी विमा काढला, कुणीतरी ‘हायजीन’ म्हणालं. अध्यक्ष म्हणाले, हा आयत्या वेळचा विषय आहे, पुढच्या सभेत घेऊ. आणि चहा आला.